माळकरी मामा आणि हिरवी करी

प्रकरण बेळगावच्या टिळकवाडीतलं आहे. तिथल्या एका आतल्या गल्लीत, जुन्या घराचा पुढचा भाग भाड्यानं घेऊन एक थाई हॉटेल चालतं. टेबलं थोडीच, स्वयंपाकघराला बाहेरून दिसणारी काचेची खिडकी, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची गर्दी आणि दुपारी बऱ्यापैकी शांतता. नाव सांगत नाही, कारण जे झालं ते बेळगावात, कोल्हापुरात, पणजीत, अशा कुठल्याही हॉटेलात होऊ शकतं.

जेवायला आम्ही चौघं. खानापूर तालुक्यातल्या गावाहून आलेले माझे मामा-मामी, मी आणि इंजिनिअरिंगला असलेला माझा मुलगा. मामांचे डोळे तपासायला आणलं होतं. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं, त्यामुळे जवळचं काही दिसेना. मेनूकार्ड हातात धरलं तरी सगळं धुरकट. हा तपशील बारीक वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. त्या दुपारी काय खायचं ते मामा पूर्णपणे दुसऱ्याच्या शब्दावर ठरवत होते.

मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूर. मांस, मासळी, अंडं, दारू बंद. कांदा-लसूण एकादशी सोडली तर चालतं. मामींच्या गळ्यात माळ नाही. त्यांचं माहेर कारवारकडचं. तिकडं गेल्या की सुकटावर ताव मारतात, घरच्या चुलीवर मात्र मासळी कधी चढवली नाही. मासळीचा वास बरोबर ओळखणारं नाक चौघांत एकच होतं, आणि सगळं प्रकरण त्या नाकावर फिरलं.

थाईची निवड मुलाची. "अज्जा, नारळाच्या दुधातली आमटी असते, भाताबरोबर खायची. तुम्हाला आवडंल बघा." वर्णनात काही खोटं नव्हतं.

वेटरला मामांनी स्वतःच विचारलं. पोरगा यमकनमर्डीकडचा, बोलायला गोड.

"चिकन-मटण, अंडं काय नसतंय न्हवं रे ह्यात?"

"नाही ओ काका. हिरव्या ठिपक्याचं सगळं प्युअर व्हेज हाय."

मग ऑर्डर गेली: कच्च्या पपईचं सॅलड, व्हेज ग्रीन करी, बेसिल टोफू, व्हेज स्प्रिंग रोल आणि साधा भात. समोर मामा बसलेत म्हणून मुलानं चिकनचं नाव आपण होऊनच काढलं नाही.

सॅलड आधी आलं. हिरव्या पपईचा लांब कीस, चवळीच्या शेंगांचे बोटभर तुकडे, टोमॅटो, लवंगी मिरची, भाजलेले शेंगदाणे, लिंबू आणि ताडाचा गूळ, सगळं लाकडी मुसळानं खलात हलकं चेचलेलं. शेंगदाणे दिसल्यावर आमच्याकडच्या माणसाला परकं असं काही वाटत नाही. मामींनी पहिला घास घेतला, चावता चावता थांबल्या आणि मामांच्या ताटलीवर हात आडवा धरला.

"थांबा ओ. तुम्ही खाऊ नका. ह्यात सुकट हाय."

मुलानं चमच्यानं खालीवर करून पाहिलं. सुकटाचा तुकडाही सापडेना. मामी मात्र हटल्या नाहीत. "दिसायला नसंल. पाणी सुकटाचं हाय."

वेटरला बोलावलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "व्हेजमध्ये आम्ही सुकं झिंगं घालत नाही ओ मावशी. नुसतं फिश सॉस असतंय." आणि मामांच्या चेहऱ्याकडं बघून पुढं, "सॉस हाय ओ ते, मासा नव्हं."

या वाक्यात अख्खं प्रकरण आहे. पोरानं फसवलं नव्हतं. त्याच्या हिशेबात ताटात तुकडा दिसला तर नॉनव्हेज, नाही दिसला तर व्हेज. मामांनी विचारलं होतं ते चिकन, मटण आणि अंड्याबद्दल, आणि त्याचं उत्तरही बरोबरच मिळालं होतं. आपल्या स्वयंपाकात हा हिशेब जमून जातो, कारण मटणाच्या रश्श्यात मटण असतं आणि वांग्याच्या भाजीत वांगं. थाई स्वयंपाकात मासळी भाजीसारखी कमी आणि मिठासारखी जास्त वापरतात. आपण शेवटी चिमूटभर मीठ टाकतो, तिथं त्यांचा हात बाटलीकडं जातो. तुकडे काढून टाकले तरी खारटपणा मासळीचाच राहतो.

आचारी बाहेर आला. ईशान्येकडचा तरुण, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हात बसलेला, हिंदी बोलणारा. त्यानं वाद घातला नाही. आत जाऊन फिश सॉसची बाटलीच घेऊन आला. मामींनी झाकण उघडून हुंगलं आणि समाधानानं मान हलवली. मला जास्त बोलकं वाटलं ते बाटलीवरचं स्टिकर. आयात केलेल्या मालावर लावतात तसं, आणि त्यावर चौकटीत तपकिरी त्रिकोण. मांसाहारी पदार्थाची ही खूण आपल्याकडं पाकिटाबाटल्यांवर सक्तीची आहे. म्हणजे स्वयंपाकघरात बाटलीवर तपकिरी त्रिकोण होता, आणि ती ज्यात ओतली त्या सॅलडसमोर मेनूकार्डात हिरवा ठिपका. दोघांच्या मधे आठ-दहा पावलांचं अंतर.

फिश सॉस, थाई नाव नाम प्ला, म्हणजे मांदेलीच्या जातकुळीतले बारीक समुद्री मासे मिठात थर लावून वर्ष-दीड वर्ष मुरवायचे आणि सुटलेलं तांबूस, स्वच्छ पाणी गाळून घ्यायचं. कच्च्या सॅलडमध्ये त्याचा वास नाकाला लागतो. शिजल्यावर मात्र जवळजवळ मरतो आणि नुसती भरदार चव मागं उरते. त्या दिवशी करी आधी आली असती तर मामींनाही कळलं असतं असं मी खात्रीनं म्हणणार नाही.

मग आचाऱ्याबरोबर बसून आम्ही ऑर्डर पुन्हा, एकेक पदार्थ घेऊन तपासली. शाकाहारी माणसानं थाई हॉटेलात बघायच्या जागा आम्हाला चार सापडल्या: दोन बाटल्या आणि दोन डबे. पहिली बाटली फिश सॉसची. दुसरी ऑयस्टर सॉसची, कालवांच्या अर्काची. परतलेल्या भाज्यांना जी काळपट चकाकी असते ती बहुधा हिची. पहिला डबा करीच्या वाटणाचा. दुसरा भाजलेल्या मिरचीच्या तेलकट चटणीचा, नाम प्रिक पाओ. ती टॉम यम सुपात पडते आणि तिच्यात सुकी कोलंबी वाटलेली असते. आम्ही सूप मागवलं नव्हतं, म्हणून तो विषय तिथंच मिटला.

खरी अडचण वाटणाच्या डब्यात. हिरव्या करीचं वाटण म्हणजे हिरवी मिरची, लसूण, बारीक कांदे, गवती चहाचा पांढरा दांडा, कोलिंजन, तिथल्या खडबडीत लिंबाच्या सालीचा हिरवा भाग, कोथिंबिरीची मुळं, भाजलेले धणे-जिरे, पांढरी मिरी, आणि कापी. कापी म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोलंबी मिठात आंबवून केलेला जांभळट लगदा. वाटणात ती थोडीच असते, पण असते. तयार डब्याच्या वाटणात ती आधीच मिसळलेली, त्यामुळे वेगळी काढायचा प्रश्नच नाही. 'व्हेज ग्रीन करी' करताना ह्या हॉटेलात चिकनच्या जागी मशरूम आणि वांगी पडायची, वाटण तेच. फिश सॉस वगळता येतं, डब्यातली कापी वगळता येत नाही. गिऱ्हाईक कितीही शहाणं असलं तरी हे त्याला टेबलावरून कळायचा मार्ग नाही. आचाऱ्याला विचारावंच लागतं.

मामांनी मधेच एक प्रश्न टाकला. "ते बुद्धाचे लोक न्हवं? मग एवढी मासळी कशी?" प्रश्न रास्त होता. थायलंडमध्ये बहुसंख्य लोक थेरवादी बौद्ध आहेत, आणि त्या परंपरेत भिक्षूनं भिक्षापात्रात पडेल ते खायचं असतं. तो प्राणी खास त्याच्यासाठी मारलेला नसावा, तसं त्यानं पाहिलं-ऐकलं नसावं, त्याला शंकाही नसावी, एवढी अट. संसारी माणसावर तर शाकाहाराचं बंधन नाहीच. पण कडक शाकाहार तिकडं अजिबात नाही असंही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, पुष्कळदा आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवस 'जे' नावाचं जेवण पाळतात. फुकेटचा उत्सव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दुकानांवर पिवळ्या पताका लागतात, त्यावर लाल अक्षर. त्या जेवणात मासळी, मांस, अंडं, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. म्हणजे आमच्या मामांच्या रोजच्या नेमापेक्षा ते कडक. हे ऐकून मामा पहिल्यांदा जरा सैल होऊन बसले. "म्हंजे त्यांच्यातबी हायत की."

आचाऱ्याला 'जे' माहीत होतं. गोव्यात परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्यानं तसं केलेलं. फिश सॉसऐवजी मीठ आणि पातळ सोया सॉस, ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचा सॉस, कापीऐवजी आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. हे काही त्याचं डोकं नव्हतं, थाई शाकाहारी घरांत हीच रीत आहे. सोयाबीनची पेस्ट त्या दिवशी नव्हती. तो म्हणाला, थांबायची तयारी असेल तर वाटण ताजं करतो. अर्धा तास लागेल.

मामा म्हणाले, "कर की बाबा. घाई कुणाला हाय. डोळ्याला तर अजून काय दिसंना."

बेसिल टोफूवर मात्र वेगळंच निघालं. आचारी सांगायला गेला की ऑयस्टर सॉस काढला की हे पूर्ण शाकाहारी, आणि पान तर तुमचंच आहे, तुळशीचं. त्याचं म्हणणं खरं होतं. थाई काप्राव म्हणजे आपली तुळसच, वनस्पतिशास्त्रानं एकच जात, आणि तिकडं ती मांसाबरोबर कडक आंचेवर परततात. मामांचा हात गळ्याकडं गेला. "तुळस? कढईत?" पांडुरंगाला वाहायचं पान तेल-मिरचीत परतून खायचं हे त्यांच्या गळी उतरेना, त्यात मासळी नसली तरी. हिरवा ठिपका असो की त्रिकोण, ह्या अडचणीला खूण कुठलीच नाही. ती माणसाशी बोलूनच कळते. वाट निघाली ती अशी की ग्रीन करीत घालतात ते पान दुसरं असतं, होरापा, बडीशेपेच्या वासाचं. ज्याच्या बियांना आपण सब्जा म्हणतो त्या जातीचं ते. टोफूत तेच पडलं.

स्प्रिंग रोल रद्द केले. सारण कोबी-गाजराचं, पण कढईतलं तेल कोलंबी तळायचं तेच. मामा वादात पडले नाहीत, "ऱ्हाऊ दे" म्हणाले. करीची कढई घासून घ्यायला सांगितली, तेवढं त्यांना पुरलं. वेगळी कढई, वेगळं पातेलं असा हट्ट धरणारी माणसंही बेळगावात कमी नाहीत. हॉटेलनं प्रत्येकाची रेषा कुठं आहे ते विचारावं, आपणच गृहीत धरू नये.

तो अर्धा तास मामींनी काचेच्या खिडकीपाशी उभं राहून काढला. आचाऱ्यानं नारळाच्या दुधाची वरची दाट साय आधी कढईत घेतली आणि ती फुटून कडेनं तेल सुटेपर्यंत ढवळत राहिला. त्या तेलात वाटण गेलं. पहिली मिनिटभर कच्च्या लसणाचा उग्र दर्प, मग हळूहळू गवती चहा वर आला, आणि वाटणाच्या कडेला हिरवट तेलाचे थेंब दिसायला लागले. मामी आत डोकावून म्हणाल्या, "आता घाल दूध. तेल सुटलंय." आचारी हसला आणि पातळ दूध ओतलं. वाटण शिजल्याची खूण दोघांची एकच होती, भाषेची गरज पडली नाही.

करी आली ती डब्याच्या वाटणाच्या करीपेक्षा उजळ हिरवी. वर जोडपानाचे पातळ काप, म्हणजे त्या खडबडीत लिंबाचंच पान, एकापुढं एक दोन पानं चिकटल्यासारखं. चव घेतल्यावर मुलगा म्हणाला की नेहमीची जास्त भरीव लागते. त्यात तथ्य आहे. कापी आणि फिश सॉस काढले की तळाची चव जाते. मीठ आणि सोया सॉस ती काही प्रमाणात भरून काढतात, सगळी नाही. आचाऱ्यानं मशरूम जास्त घालून तोल सांभाळला होता. मामांना तुलना करायचं कारण नव्हतं. त्यांना आवडली. फक्त मिरचीबद्दल तक्रार: तिखट आहे, पण रंग नाही, संकेश्वरीची चव नाही. मिरची आपल्याकडं आणि सयामात, म्हणजे आताच्या थायलंडमध्ये, पोर्तुगीजांच्याच काळात आली. त्यांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये त्यांचा दूत सयामच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथ्थयाच्या दरबारी पोचला. तिकडं लहान, जहाल मिरची हिरवीच वापरायची चाल पडली, इकडं संकेश्वरी आणि ब्याडगी वाळवून रंगासाठी.

टेबलावर चॉपस्टिक मांडल्या होत्या. त्या हॉटेलवाल्याच्या हौसेसाठी असाव्यात. थाई माणूस भात चमच्यानं खातो, काट्यानं चमच्यात लोटतो. चॉपस्टिक लागतात त्या मुख्यतः नूडल्सच्या सुपाला. काटे-चमचेही तिकडं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबारातून आले, त्याआधी हातच. मामांनी हातानं कालवलं आणि त्यात वावगं काही नव्हतं.

भातावर मात्र ते अडकले. खानापूरकडचा शेतकरी, भात हाच धंदा. शितं बोटांत घेऊन चुरडली, हुंगली. लांब दाणा, पण मऊ आणि जरा चिकट, आणि वास बासमतीच्या जवळचा. "बासमती असा लोळत नाही," म्हणाले. तो जास्मिन तांदूळ होता. त्याच्या प्रसिद्ध वाणाला, खाओ डॉक मली 105 ला, थायलंडमध्ये 1959 मध्ये मान्यता मिळाली. सुगंध देणारं मुख्य द्रव्य त्यात आणि बासमतीत एकच आहे, पण जास्मिनमध्ये अमायलोज नावाचा स्टार्च कमी, म्हणून शिजल्यावर शितं एकमेकांना धरतात. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय त्याला फुलोरा येत नाही, त्यामुळे वर्षातून एकच पीक. मामांना यातलं शेवटचं सगळ्यात जास्त पटलं. वासाचं भात घाईनं येत नाही, हे त्यांना सांगायला नको होतं.

आता हॉटेलकडून काय अपेक्षा करायची? मालक नंतर टेबलाशी आला, माफी मागितली, आणि त्याची बाजूही सांगितली. दोन प्रकारचं वाटण ठेवायचं तर एक वाया जातं, शाकाहारी करीला रोज गिऱ्हाईक नसतं. मला ही सबब अर्धीच पटली. बेळगावात लिंगायत, जैन, ब्राह्मण, माळकरी, सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारे, असे मिळून शाकाहारी माणूस कुठल्याही टेबलावर असतोच. वाटण शाकाहारी करून ठेवावं, एकेका करीपुरते गोळे फ्रीजरमध्ये टाकावेत, आणि मासळी खाणाऱ्याच्या कढईत कापी वेगळी घालावी. घालणं सोपं आहे, काढणं अशक्य. या क्रमानं केलं तर एकच वाटण दोघांना पुरतं. मालकानं हे लिहून घेतलं. पुढं केलं का ते आचारी टिकण्यावर आहे, आणि असे आचारी गोव्याचा हंगाम सुरू झाला की टिकत नाहीत.

जैन गिऱ्हाइकाचं मात्र यानंही भागणार नाही. मासळी काढली तरी वाटणात लसूण, कांदा, कोलिंजन आणि कोथिंबिरीची मुळं राहतात, आणि ती काढली तर वाटण उरत नाही. अशा वेळी मालकानं सरळ नाही म्हणावं. 'जैन ग्रीन करी' असं मेनूत छापू नये.

गिऱ्हाइकानं काय करावं, तर आदल्या दिवशी फोन करावा आणि 'व्हेज मिळतं का' असं विचारूच नये, कारण त्याला उत्तर नेहमी 'हो' येतं. विचारावं ते असं: वाटण डब्यातलं की घरचं, त्यात झिंगं आहे का, खारटपणासाठी काय घालता, तळणाचं तेल वेगळं आहे का. आणि फोन आचाऱ्याला द्यायला सांगावं. वेटरला यातलं बहुधा माहीत नसतं, आणि माहीत नाही म्हणायची त्याला सवय लावलेली नसते. त्या यमकनमर्डीच्या पोरावर मालकानं आमच्यासमोर आवाज चढवला ते मला आवडलं नाही. ठिपका छापला कुणी, पोरानं थोडाच छापला होता?

राहिला प्रश्न बिलाचा. मालकानं सॅलड बिलातून काढलं. मामांना ते पटेना. माळ मोडली नव्हती, एक घासही त्यांच्या तोंडात गेला नव्हता, आणि मधल्या अर्ध्या तासात मामींनी खिडकीपाशी ये-जा करत ती अख्खी ताटली संपवली होती.

"हिनं खाल्लंय की. हिचे पैसे घ्या."

मालक नको म्हणाला. मामी म्हणाल्या, "घ्या ओ. आणि पुढच्या खेपेला झिंगंबी घाला त्यात."